कंसात उरलेली संस्थाने

ग्वाल्हेर शहराच्या एका भागाला ‘लष्कर’ म्हणतात. नव्याने येणाऱ्या माणसाला ह्या नावाचे नवल वाटते. तिथे सराफा आहे, बाजार आहे, देवळे आहेत, मराठी घरांचे जुने वाडे आहेत. लष्कर मात्र कुठे दिसत नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून आपला मुक्काम हलवला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी डेरे दिले, ते पुन्हा उठलेच नाहीत. डेऱ्यांच्या जागी घरे झाली, घरांच्या जागी हवेल्या झाल्या, आणि छावणीचे नाव शहराला चिकटले. त्याच लष्करात ‘कंपू’ नावाचा एक भाग आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉइन ह्या सेनानीने ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या प्रत्येक मोठ्या तुकडीला त्या काळचे मराठी कागद ‘कंपू’ म्हणतात. फौज गेली, पण तिचे नाव असे गल्लीबोळांतून राहून गेले.

ही फौज गेली कुठे, हा प्रश्न आमच्याकडच्या इतिहासग्रंथांत फारसा विचारला जात नाही. १८१८ पर्यंतच्या मराठी सैन्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. १८१८ नंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांविषयी मात्र आम्ही असे बोलतो की जणू संस्थानांच्या फौजा म्हणजे दसऱ्याच्या स्वारीपुढे चालणारा एक शोभेचा थाट होता. थाट होता, हे खरे. पण ह्याच पलटणी हिंदुकुशाच्या घाटांत, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जॉर्डन नदीच्या खोऱ्यात आणि मलायाच्या रबराच्या मळ्यांत गेल्या होत्या. शांततेच्या काळात त्या महाराजांच्या, युद्धाच्या काळात बादशहाच्या. आज ज्याला आपण राखीव सेना म्हणतो तिचे हिंदुस्थानातले एक जुने आणि विलक्षण रूप म्हणजे ह्या संस्थानी पलटणी होत. ज्या शहरांतून हे मासिक वाचले जाते, त्यांपैकी बहुतेक शहरांनी ह्या पलटणींना माणसे, पैसा किंवा निदान नाव दिले आहे.

आरंभ तैनाती फौजेपासून करावा लागतो. तैनाती फौज म्हणजे खर्च संस्थानचा आणि हुकूम कंपनीचा. हैदराबादेत तिच्याखेरीज आणखी एक प्रकार निघाला, तो ‘हैदराबाद कंटिंजंट’. निजामाच्या नावाने उभारलेली, निजामाच्या पैशावर चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या ताब्यात असलेली ही फौज बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, अंबाजोगाई, अचलपूर अशा ठिकाणी पसरलेली होती. अंबाजोगाईला त्या वेळी मोमिनाबाद म्हणत आणि तिथे घोडदळाची छावणी होती. ह्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. स्वतःची म्हणवली जाणारी फौज पोसण्यासाठी स्वतःचा प्रांत गहाण पडावा, हा व्यवहार सावकारी पेढीवरच्या माणसालाही कठोर वाटेल.

ग्वाल्हेरची गोष्ट ह्याहून तिखट आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. शिंदे हरले. ह्या लढायांत जे इंग्रज सैनिक लढले त्यांना शिंद्यांच्याच तोफांचे धातू वितळवून केलेले तारे पदक म्हणून वाटण्यात आले. त्यानंतरच्या तहाने दरबारच्या सैन्यावर ९,००० माणसांची मर्यादा आली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे ‘ग्वाल्हेर कंटिंजंट’ मात्र वाढवण्यात आले. खर्च अर्थात ग्वाल्हेरचा. चौदा वर्षांनी, १४ जून १८५७ रोजी, हेच कंटिंजंट मुरारच्या छावणीत उठले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तात्या टोप्यांनी कानपुराजवळ विंडहॅमला मागे रेटले ते मुख्यतः ह्याच कवायती फौजेच्या बळावर. इंग्रजांनी शिकवलेली कवायत इंग्रजांवर इतक्या नीटसपणे उलटल्याची उदाहरणे त्या उठावात थोडीच सापडतील.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या तारखेला राणी लक्ष्मीबाई, तात्या आणि रावसाहेब ग्वाल्हेरवर आले तेव्हा जयाजीराव शिंदे आपले दरबारी सैन्य घेऊन सामोरे गेले. सैन्याने लढण्याऐवजी बाजू बदलली. महाराजांना आग्र्याला जावे लागले. राणी कोटा-की-सराय येथे पडली, ह्यू रोझने ग्वाल्हेर परत घेतले, महाराज परत आले; पण किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण लागले ते १८८६ पर्यंत उतरले नाही. त्या वर्षी झाशी इंग्रजांना देऊन किल्ला शिंद्यांकडे आला आणि जयाजीरावांना कवायतीचा मोठा नाद असूनही, हा सोहळा त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस आला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

१८५७ नंतर इंग्रजांचा साधा हिशेब असा की संस्थानिकांजवळ जितकी कमी फौज तितके बरे, आणि जी असेल ती जुन्या बंदुकांची असावी. शिबंदी ठेवा, शोभेची स्वारी ठेवा, पण तोफखान्यावर नजर ठेवा. हा हिशेब बदलला तो हिंदुस्थानात घडलेल्या कोणत्याही गोष्टीमुळे नव्हे. ३० मार्च १८८५ रोजी रशियाच्या फौजेने अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवर पंजदेह येथे अफगाणांचा पराभव केला. रशिया हेरातच्या दाराशी आला अशी हाकाटी लंडनपासून सिमल्यापर्यंत उठली. युद्ध टळले, पण वायव्य सरहद्दीवर मोठे युद्ध झालेच तर माणसे कुठून आणायची हा प्रश्न उरला. इंग्लंडातून गोरे शिपाई आणायचे तर खर्च अफाट. हिंदी सैन्य वाढवायचे तर १८५७ ची भीती. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की संस्थानांच्या खजिन्यांत पैसा आहे आणि संस्थानांच्या मुलखात माणसे आहेत.

संस्थानिकांनी स्वतःच पुढाकार घेतल्यासारखे झाले हेही खरे. १८८७ साली निजाम महबूब अली खान ह्यांनी सरहद्दीच्या संरक्षणासाठी साठ लाख रुपये देऊ केले. त्यामागून इतरांचीही पत्रे आली. सरकारने पैसा घेण्याऐवजी योजना आखली, आणि १८८८ च्या नोव्हेंबरात लॉर्ड डफरिनने पतियाळ्याच्या भाषणात ती जाहीर केली. ‘इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ हे तिचे नाव. मराठीत तिला कोणी शाही सेवेची फौज म्हणे; लोकांच्या तोंडी मात्र ‘इंपीरियल सर्व्हिस’ हेच राहिले.

योजनेची बांधणी मोठी धूर्त होती, आणि त्या धूर्तपणातच तिचे यशही होते. पलटण संस्थानची, शिपाई संस्थानच्या प्रजेतले, अधिकारी हिंदी आणि महाराजांनी नेमलेले, पगार संस्थानच्या खजिन्यातून. सरकारकडून शस्त्रे येणार आणि एक इंग्रज निरीक्षक येणार. निरीक्षकाने सल्ला द्यायचा, हुकूम द्यायचा नाही, असा कागदावरचा नियम होता. युद्ध उपस्थित झाले की महाराजांनी पलटण बादशहाच्या सेवेला ‘देऊ करायची’. म्हणजे शांततेची वीस वर्षे सांभाळायचा खर्च संस्थानचा आणि कामाच्या वेळी धनी सरकार. ज्या लेखकांनी ह्या योजनेला केवळ गुलामगिरी म्हटले आहे, त्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. ब्रिटिश हिंदी सैन्यात त्या काळी कितीही कर्तबगार हिंदी माणूस सुभेदार-मेजरच्या वर चढू शकत नव्हता, आणि कालचा पोर इंग्रज लेफ्टनंट त्याच्या डोक्यावर बसे. संस्थानी पलटणीत हिंदी माणूस कर्नल होता, त्याच्या हाताखाली पलटण होती, आणि निरीक्षक साहेब शेजारी उभा राहून मिशा चावीत असे. गुलामगिरीच्या आत एवढी फट होती. तिच्यातून काही माणसे आत्मविश्वासाने बाहेर पडली.

ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर, जोधपूर, बिकानेर, पतियाळा अशी अनेक संस्थाने योजनेत आली. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे मात्र आले नाही. त्यांना शाळा, ग्रंथालये आणि पाटबंधारे ह्यांवर पैसा खर्च करायचा होता, आणि आपली फौज कुणाच्या तपासणीखाली द्यावी असा त्यांचा स्वभाव नव्हता. १९१४ साली ह्या सर्व पलटणी मिळून सुमारे २२,००० माणसे होती. हिंदुस्थानासारख्या देशाला ही संख्या लहान. पण हाताशी तयार असलेली माणसे म्हणून मोठी.

ह्या माणसांचे शांततेतले आयुष्य कसे होते? सकाळची कवायत, घोड्यांची मालिश, आठवड्याचे निशाणबाजीचे तास. दसऱ्याला स्वारी, महाराजांच्या वाढदिवसाला सलामी, व्हाइसरॉय आला की स्टेशनापासून राजवाड्यापर्यंत दुतर्फा उभे राहणे. शिकारीच्या वेळी हाकेकऱ्यांवर देखरेख हेही काम त्यांच्या वाट्याला येई. राखीव सेनेचा हा शाप सगळ्या जगात सारखाच आहे. युद्ध नसते तेव्हा ती लोकांना खर्चिक खेळणे वाटते, आणि युद्ध येते तेव्हा तिच्याकडून कसलेल्या सैन्याची अपेक्षा होते.

ग्वाल्हेरने ह्यातून काढलेला मार्ग व्यवहारी होता. बालवयात गादीवर आलेल्या माधवराव शिंद्यांच्या राज्यात घोडदळ आणि पायदळ तर होतेच, परंतु ‘ट्रान्स्पोर्ट कोअर’ म्हणजे वाहतुकीचा ताफाही उभारला गेला. तट्टे, गाड्या, त्यांचे हाकणारे, नालबंद, सुतार. दिसायला ह्यात काही वैभव नाही. स्वारीत भाल्यांचे चमकणारे फाळ सगळे पाहतात. दाण्याची पोती वाहणाऱ्या तट्टाकडे कोण पाहणार? पण १८९५ साली चित्रळच्या किल्ल्यात इंग्रज आणि काश्मिरी शिपाई वेढले गेले, तो वेढा दीड महिना चालला, आणि त्यांच्या सुटकेसाठी जनरल लोची फौज मलाकंद खिंडीतून निघाली, तेव्हा सर्वांत आधी तुटवडा पडला तो ओझी वाहणाऱ्या जनावरांचा. ग्वाल्हेर आणि जयपूर ह्यांचे वाहतुकीचे ताफे तिथे उपयोगी पडले. दोन वर्षांनी तिराहच्या मोहिमेतही ते होते. शिंद्यांची तट्टे एके काळी नर्मदा आणि चंबळ ओलांडून दिल्लीपर्यंत गेली होती. आता ती पठाणांच्या मुलखात दुसऱ्याची रसद वाहत होती. माझ्या मते ह्या पलटणींचे सर्वांत प्रामाणिक काम हेच. त्यात कोणी पदकांसाठी धावत नव्हते आणि ते काम झाले नसते तर पुढची फौज उपाशी राहिली असती.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचा उठाव झाला तेव्हा तरुण माधवराव स्वतः जनरल गॅझलीच्या हाताखाली चीनला गेले आणि त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णवाहू जहाज सुसज्ज करून दिले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या संस्थानाचे नाव अशा रीतीने जहाजावर चढले. पुढे १९१४ साली त्यांच्याच पुढाकाराने संस्थानिकांनी मिळून आणखी एक रुग्णवाहू जहाज दिले; त्याचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. नाव निवडताना संकोच कोणालाच वाटला नाही.

मध्यंतरी हैदराबादेत एक बदल झाला होता. १९०३ साली जुने कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन करण्यात आले, आणि वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाखांच्या खंडाने कायमचे इंग्रजांकडे राहिले. कंटिंजंटच्या पायदळाला नवे क्रमांक मिळाले. १९२२ साली त्यांची ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली. ह्यानंतर हैदराबाद हे नाव दोन वेगळ्या फौजांना चिकटलेले दिसते. एक ही सरकारी रेजिमेंट, जिच्यात हळूहळू कुमाऊँचे डोंगरी लोक, जाट आणि अहीर भरले. दुसरी निजामाची स्वतःची संस्थानी फौज. पुढची हकीकत वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो, नाहीतर मोठा गोंधळ होतो. चांगल्या चांगल्या ग्रंथकारांचा झालेला आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि शाही सेवेच्या पलटणींची खरी परीक्षा आली. १९१४ च्या अखेरीस हैदराबाद, म्हैसूर आणि इतर संस्थानांचे भालाईत घोडदळ सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तमध्ये उतरले. निजाम उस्मान अली खान ह्यांनी आपल्या लान्सर्सच्या आणि डेक्कन हॉर्सच्या खर्चासाठी साठ लाख रुपये दिले. वडिलांनी १८८७ साली देऊ केलेला आकडा मुलाने सत्तावीस वर्षांनी पुरा केला. ग्वाल्हेरच्या पायदळाची एक तुकडी पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली. ग्वाल्हेरचीच चौथी पलटण पॅलेस्टाइनकडे गेली.

आता एक तारीख सांगतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात, असई गावाजवळ शिंद्यांच्या कवायती पायदळाने आर्थर वेलस्लीच्या फौजेशी जी झुंज दिली ती वेलस्ली जन्मभर विसरला नाही. पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा हा सेनापती असईला आपल्या सर्वांत कठीण लढायांत गणत असे. बरोबर एकशे पंधरा वर्षांनी, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, जनरल चेटरच्या फौजेने जॉर्डन नदीपलीकडचे एस-सॉल्त घेतले आणि दोन दिवसांनी अम्मान घेतले. पुढचा घाव न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या घोडेस्वारांचा होता. पण त्याच फौजेत विसावी हिंदी ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये अलवार व पतियाळ्याच्या पलटणींबरोबर दोन नावे शेजारी शेजारी होती: ग्वाल्हेरचे पायदळ आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. ह्या ११० व्या पलटणीचे मूळ शिपाई १९१६ साली कुत-अल-अमाराच्या शरणागतीत तुर्कांच्या हाती सापडले होते. तिच्या नावाने नवी पलटण पुन्हा उभी राहिली होती. एक शिंद्यांची, एक सरकारची. असईच्या दिवशी एकमेकांसमोर उभे राहिलेल्या दोन पक्षांचे हे वारस तिसऱ्याच देशाच्या धुळीत, तिसऱ्याच शत्रूविरुद्ध, एकाच ब्रिगेडच्या ओळीत चालत होते. त्यांतल्या कोणाला ती तारीख आठवली असेल असे मला वाटत नाही.

त्याच दिवशी, २३ सप्टेंबर १९१८ लाच, दूर समुद्रकाठी हैफा शहरावर प्रसिद्ध चढाई झाली. जोधपूर आणि म्हैसूर ह्यांच्या भालाईतांनी एका बाजूला कार्मेल पर्वत आणि दुसऱ्या बाजूला किशोन नदीची दलदल अशा चिंचोळ्या जागेतून, मशिनगनच्या तोंडावर घोडी घातली आणि शहर घेतले. जोधपूरचे मेजर दलपतसिंग तिथे पडले. सुमारे १,३५० कैदी मिळाले. यंत्रयुगातल्या युद्धात घोडदळाने तटबंदीचे शहर घेतल्याचे हे जवळजवळ शेवटचे उदाहरण. हैदराबादचे लान्सर्स त्याच पंधराव्या ब्रिगेडमध्ये होते, परंतु त्या दिवशीच्या चढाईत नव्हते; कैद्यांची ने-आण हे काम त्यांच्याकडे होते. तरीही दिल्लीत ह्या ब्रिगेडचे स्मारक झाले तेव्हा तीन संस्थानांसाठी तीन पुतळे उभे राहिले, जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद. हेच ‘तीन मूर्ती’. मागच्या घरात पंतप्रधान नेहरू राहू लागले आणि लोक त्या घरालाच तीन मूर्ती म्हणू लागले. पुतळे कोणाचे हे विसरले. २०१८ साली त्या चौकाला हैफाचे नाव जोडले गेले तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की हे तीन शिपाई कुठले.

युद्ध संपल्यावर योजनेची फेररचना झाली. ‘इंपीरियल सर्व्हिस’ हे नाव जाऊन ‘इंडियन स्टेट्स फोर्सेस’ हे नाव आले, आणि फौजांच्या तीन प्रती ठरल्या. पहिल्या प्रतीची पलटण म्हणजे सरकारी पलटणीच्या तोडीची. शेवटची प्रत म्हणजे साधी शिबंदी. ह्या वर्षांत विशेष काही घडले नाही आणि त्यावर विशेष लिहिण्यासारखेही नाही. एक इंदूरची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९१८ साली हिंदी तरुणांना प्रथमच सैन्यात पूर्ण अधिकारपद द्यायचे ठरले तेव्हा त्यांच्या शिक्षणाची तात्पुरती सोय इंदूरच्या डेली कॉलेजात करण्यात आली. संस्थानिकांच्या मुलांच्या त्या शाळेत शिकून निघालेल्या पहिल्या तुकडीत कूर्गचा एक तरुण होता, के. एम. करिअप्पा. त्याची गाठ आपल्याला पुढे पडेल.

दुसऱ्या महायुद्धाने राखीव फौजेची दुसरी बाजू दाखवली, आणि ती सांगणे टाळणे योग्य नव्हे. मलाया आणि सिंगापूर येथे विमानतळांच्या रक्षणासाठी संस्थानी पलटणी नेमल्या गेल्या. जिंद, कपूरथळा, बहावलपूर, म्हैसूर आणि हैदराबाद. हिशेब असा की लढायला सरकारी फौज, पहाऱ्याला संस्थानी फौज. ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्री जपानी फौज कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरली. पर्ल हार्बरवरचा हल्लादेखील त्यानंतर झाला. म्हणजे पूर्वेकडच्या त्या महायुद्धाचे पहिले पाऊल जिथे पडले, तिथल्या विमानतळावर पहारा होता तो निजामाच्या पहिल्या हैदराबाद पलटणीचा. पहाऱ्याची जागा रात्रीत रणांगण झाली. विमानतळ सोडला गेला, पलटणीत घबराट माजली, आणि माघारीच्या दिवसांत तिचा सेनाधिकारी आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला. ही नोंद त्या मोहिमेच्या इतिहासात आहे, आणि तिचा उल्लेख बहुधा तुच्छतेने केला जातो. पण ज्या माणसांना पहाऱ्याचे शिक्षण देऊन पाठवले, रणगाडा आणि विमान ह्यांच्याशी झुंजण्याची साधने ज्यांना दिली नाहीत, आणि ज्यांना आपण कोणाचे म्हणून इथे उभे आहोत हेच नीट ठाऊक नव्हते, त्यांच्याकडून काय अपेक्षा होती? त्याच मलायात १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटणही होती, ती स्लिम नदीच्या काठी धुळीला मिळाली. ती सरकारी आणि कसलेली होती. पराभव दोघींचाही झाला. ठपका मात्र एकीच्याच माथी बसला. सिंगापूर पडल्यावर कैदेत गेलेल्या हिंदी सैनिकांतून आझाद हिंद सेना उभी राहिली, हे सर्वांना माहीत आहे.

१९४५ च्या ऑक्टोबरात १९ व्या हैदराबाद रेजिमेंटचे नाव ‘कुमाऊँ रेजिमेंट’ झाले. दख्खनच्या छावण्यांत जन्मलेल्या फौजेच्या अंगावरून दख्खनचे नाव उतरले. पुढे ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा पडले आणि स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांना मिळाले, ती पलटण ४ कुमाऊँ. तिचे मूळ निजामाच्या कंटिंजंटमध्ये होते.

स्वातंत्र्य आले तेव्हा संस्थानांच्या फौजा प्रथमच अशा पेचात सापडल्या की त्यांचा धनी कोण हे ठरायचे होते. काश्मिरात महाराजांचे ब्रिगेडियर राजेंद्रसिंग मूठभर माणसांनिशी उरीच्या वाटेवर टोळीवाल्यांना चार दिवस अडवून मेले. त्यांनी वेळ मिळवून दिला नसता तर श्रीनगरच्या विमानतळावर भारतीय फौज उतरलीच नसती. पतियाळ्याची पलटण पुढच्या वर्षी जोजी ला खिंडीत लढली. दुसऱ्या टोकाला हैदराबाद. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली आणि १८ ला निजामाचे सेनापती एल एदरूस ह्यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शरणागती दिली. आमच्या गोमंतकीय वाचकांना हे नाव वेगळ्या संदर्भात आठवत असेल: १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात फौज शिरली तेव्हा दक्षिण विभागाचे प्रमुख हेच चौधरी होते.

बाकी ठिकाणी गोष्टी शांतपणे झाल्या. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात एकत्र आले. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर आणि १ मे ला बडोदे मुंबई इलाख्यात विलीन झाले. राज्ये गेली, पण पलटणींचे काय? त्यांना एका शिक्क्याने बरखास्त करणे सोपे होते. तसे झाले नाही. निवड झाली, काहींना घेतले, काहींना निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले. घरी गेलेल्यांत असे कितीतरी होते की ज्यांचे आजे-पणजे त्याच सरकारच्या चाकरीत होते आणि ज्यांना ‘सरकार’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थच ठाऊक नव्हता. १ एप्रिल १९५१ ला संस्थानी फौजा भारतीय सेनेत मिसळल्या. त्या दिवशी भारताचे सरसेनापती होते जनरल करिअप्पा. इंदूरच्या डेली कॉलेजात कवायत शिकलेल्या ह्या सेनानीच्या कारकिर्दीत होळकरांची पलटण सेनेच्या पटावर आली.

कोणती पलटण कुठे गेली ही यादी पाहिली की मौज वाटते. ग्वाल्हेरची पलटण १४ कुमाऊँ झाली आणि इंदूरची १५ कुमाऊँ. म्हणजे शिंदे आणि होळकर, जे हयातभर एकमेकांशी भांडले, ते जुन्या निजामी कंटिंजंटच्या छपराखाली शेजारी शेजारी राहायला आले. बेळगावला ज्यांचे केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फंट्रीत कोल्हापूरची पलटण १९ वी झाली, बडोद्याची २० वी, आणि हैदराबादची २२ वी. ज्या सयाजीरावांनी बादशहाच्या योजनेत आपली पलटण घातली नाही त्यांच्या बडोद्याचे नाव असे सेनेत आले. १९५३ साली ग्वाल्हेर, म्हैसूर, जोधपूर आदींचे घोडदळ एकत्र करून ६१ वी कॅव्हलरी उभारण्यात आली. ती अजून घोड्यांवर आहे, आणि दर २३ सप्टेंबरला तिथे हैफाचा दिवस पाळला जातो.

पलटणींच्या नव्या नावांत जुनी नावे कंसात घातली जात. १४ कुमाऊँ (ग्वाल्हेर). १५ कुमाऊँ (इंदूर). १९ मराठा (कोल्हापूर). २० मराठा (बडोदे). २२ मराठा (हैदराबाद). पैकी ग्वाल्हेरची पलटण पुढे चिलखती गाड्यांवर चढून मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत गेली. द बॉइनच्या कंपूत बैलांनी तोफा ओढल्या जात; इतका लांबचा पल्ला आणखी कोणत्या फौजेने तुडवला असेल हे सांगणे कठीण.